अंगाईतील एक कडवे

१९३६ साली सोव्हिएट रशियात ‘सर्कस’ या नावाचा एक संगीतप्रधान विनोदी चित्रपट निघाला. दिग्दर्शक होता ग्रिगोरी अलेक्सांद्रोव्ह आणि नायिका होती त्या काळची सर्व रशियाची लाडकी नटी ल्युबोव्ह ओर्लोव्हा. कथा अशी, की एका गोऱ्या अमेरिकन कलावतीस कृष्णवर्णीय मूल असते. त्या एका कारणावरून मायदेशातील जमावाने तिला पिटाळून लावलेले असते. ती मॉस्कोच्या सर्कशीत काम करू लागते. तिचा दुष्ट व्यवस्थापक भर खेळात ते मूल पुढे करून तिचे गुपित फोडतो. आता सारे प्रेक्षक तिचा धिक्कार करतील, अशी त्याची अटकळ. प्रत्यक्षात प्रेक्षक हसतात, त्या बालकास उचलून घेतात आणि हातोहात पुढे देत देत, प्रत्येकजण आपापल्या भाषेत अंगाईचे एकेक कडवे म्हणून त्याला जोजवितात. कोणी रशियनमध्ये म्हणतो, कोणी युक्रेनियनमध्ये, कोणी तातारमध्ये, कोणी जॉर्जियनमध्ये. आणि एक कडवे येते यिद्दिश भाषेत. ते म्हणणारा गृहस्थ ठेंगणा आहे. कपाळ भव्य, नाक चपटे, खालचा ओठ पुढे आलेला. रूपवान म्हणावा असे त्याच्यात काही नाही. पण त्याच्या हातांत ते मूल असे विसावते की पाहणाऱ्याने क्षणभर इतर सर्वांस विसरावे.

हा गृहस्थ म्हणजे सोलोमन मिखोएल्स. बारा वर्षांनी, १९४८ च्या जानेवारीत, त्याला मारण्यात आले. त्यानंतर ‘सर्कस’ चित्रपटातून अंगाईचे तेवढे कडवे कात्रीने कापून टाकण्यात आले. ज्या राज्यसत्तेने हिटलरच्या फौजा बर्लिनपर्यंत मागे रेटल्या, तिला एका अंगाईतील चार ओळींचे भय का वाटावे? हा प्रश्न मनात धरून या महिन्याच्या सदरात आम्ही या नटाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत.

नटाकडे वळण्यापूर्वी त्याच्या भाषेविषयी दोन शब्द सांगावयास हवेत. यिद्दिश ही पूर्व युरोपातील ज्यू लोकांची घरगुती भाषा. तिचा सांगाडा जर्मन कुळीचा, लिपी हिब्रू, आणि शब्दभांडारात हिब्रू व स्लाव्ह भाषांची भरपूर सरमिसळ. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ती बोलणारांची संख्या जगभरात एक कोटीच्या आसपास होती. पण तिला स्वतःचे म्हणावे असे राज्य पृथ्वीच्या पाठीवर कोठेही नव्हते. धर्मपंडित प्रार्थना आणि शास्त्रचर्चा हिब्रूत करीत. सुधारक मंडळी रशियन वा जर्मन बोलण्यात प्रतिष्ठा मानीत. आणि या दोघांनाही यिद्दिश म्हणजे एक अपभ्रष्ट बोली वाटे. संस्कृत पंडितांच्या लेखी एके काळी प्राकृताची जी पायरी होती, साधारण तीच हिब्रूपुढे यिद्दिशची. ती वावरली स्वयंपाकघरात, बाजारात, म्हाताऱ्यांच्या म्हणींत आणि आयांच्या अंगाईगीतांत.

अशा भाषेची रंगभूमी उशिरा जन्मास यावी यात नवल नाही. धर्मनिष्ठ समाजात नाट्यास फारसे स्थान नव्हते. वर्षातून एकदा पुरीमच्या सणाला सोंगे आणण्याची मोकळीक असे. आणि लग्नकार्यात वऱ्हाडी मंडळींना पद्ये रचून हसविणारा व रडविणारा ‘बाद्खन’ नावाचा एक विदूषक असे. एवढ्या पिढीजात भांडवलावर अव्राहम गोल्डफाडेन याने १८७६ मध्ये रुमानियातील यासी या गावी पहिली धंदेवाईक यिद्दिश नाटक मंडळी उभी केली. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० मध्ये रंगभूमीवर आले, हे ध्यानात घेतले म्हणजे काळाचा अंदाज येईल. पण आपल्या नाटकांना जो राजाश्रय आणि लोकाश्रय लाभला, तो या बिचाऱ्यांच्या नशिबी नव्हता. १८८३ मध्ये झारच्या सरकारने यिद्दिश नाटकांवर बंदीच घातली. नट देशोधडीला लागले; कोणी लंडनला गेले, कोणी न्यूयॉर्कला.

ही बंदी अंमलात असताना, १६ मार्च १८९० रोजी, रशियन साम्राज्यातील द्विन्स्क या गावी आमचा चरित्रनायक जन्मला. हे गाव आज लॅटव्हिया देशात असून त्याचे नाव दौगाव्हपिल्स आहे. घराणे धर्मनिष्ठ, वडील लाकडाचे व्यापारी. मुलाचे पाळण्यातील नाव श्लोइमे आणि आडनाव वोव्सी. ‘मिखोएल्स’ हे त्याने पुढे रंगभूमीसाठी घेतलेले नाव. वडिलांचे नाव मिखोएल, म्हणून त्यांचा मुलगा तो मिखोएल्स. वडिलांचे नाव आपल्या नावात आयुष्यभर वागविण्याची रीत असलेल्या आपणा मराठी माणसांस त्यातील जिव्हाळा निराळा समजावून देण्याची गरज नाही.

बालपणी त्याने पारंपरिक धर्मशाळेत हिब्रूचे पाठ गिरविले, नंतर रशियन शाळेत तो शिकला आणि १९१५ मध्ये पेत्रोग्राडच्या विद्यापीठात कायद्याच्या अभ्यासासाठी दाखल झाला. नाटकाची ओढ लहानपणापासून होती. परंतु मध्यमवर्गीय घरातील कर्त्या मुलाने नट व्हावे, ही कल्पना तिकडेही कोणास रुचण्यासारखी नव्हती. तो वकील व्हायचाच. पण १९१७ ची क्रांती झाली, झारची बंदी इतिहासजमा झाली, आणि १९१९ मध्ये अलेक्सांद्र ग्रानोव्स्की या तरुण दिग्दर्शकाने पेत्रोग्राडमध्ये यिद्दिश नाट्यशिक्षणाचा एक वर्ग सुरू केला. मिखोएल्स तेथे जाऊन उभा राहिला. वय जवळजवळ एकोणतीस, डोक्यावरचे केस विरळ होऊ लागलेले. नवशिक्या पोरासोरांत तो प्रौढच दिसत असला पाहिजे.

ग्रानोव्स्की जर्मनीत माक्स राइनहार्ट या विख्यात दिग्दर्शकाच्या हाताखाली शिकून आलेला होता. त्याची स्वतःची यिद्दिश यथातथाच होती, ही गमतीची गोष्ट. पण शिस्त मात्र लोखंडी. रंगभूमीवरील मूळ अवस्था शांततेची होय, शब्द हा तिचा अपवाद. म्हणून शब्द उच्चारण्यापूर्वी नटाने तो उच्चारण्याचा अधिकार कमवावा, असा त्याचा दंडक होता. वकिली करू पाहणाऱ्या, मूळच्या बोलक्या मिखोएल्सला हा दंडक मानवला. बोटांनी, खांद्यांनी, मान कलती करण्याने किती बोलता येते हे तो येथे शिकला, आणि पुढे जन्मभर त्याचे हात हेच त्याचे मुख्य वाचिक झाले.

१९२० च्या अखेरीस ही मंडळी मॉस्कोस आली. एका जुन्या घरातील नव्वदएक खुर्च्यांचा दिवाणखाना त्यांना मिळाला. त्याच्या भिंती रंगविण्याचे काम ज्या तरुण चित्रकाराकडे आले तो होता मार्क शगाल. शगालने थोड्याच आठवड्यांत मोठमोठ्या कापडांवर चित्रे काढून तो सारा दिवाणखाना मढवून टाकला. त्यातले मुख्य चित्र जवळजवळ आठ मीटर लांबीचे. त्यात वादक आहेत, बकरी आहे, डोक्यावर उभे राहणारे कसरतपटू आहेत, आणि त्यांच्या गर्दीत मिखोएल्सही आहे. शोलेम अलेइखेमच्या छोट्या नाटकांनी १९२१ च्या आरंभी हे नाट्यगृह उघडले. नेपथ्य आणि वेषभूषाही शगालचीच. बाहेर मॉस्कोत भाकरीची भ्रांत होती, आणि आत, एके काळी स्वयंपाकघरातली म्हणून हिणविली गेलेली भाषा युरोपातील नव्यातल्या नव्या चित्रकलेच्या शेजारी मानाने बसलेली होती.

नव्या राजवटीने या नाट्यगृहास सरकारी मान्यता आणि अनुदान दिले. त्यात निखळ उदारता होती असे नव्हे. हिब्रू ही धर्माची भाषा म्हणून ती दडपावयाची आणि यिद्दिश ही श्रमिकांची म्हणून तिला उचलून धरावयाचे, असे ते धोरण होते. हिब्रू नाटके करणारी ‘हबिमा’ ही मॉस्कोतील गुणी संस्था १९२६ मध्ये परदेश दौऱ्यावर गेली ती परतलीच नाही. यिद्दिश नाट्यगृह मात्र १९२२ मध्ये मालाया ब्रोन्नाया रस्त्यावरील सुमारे पाचशे आसनांच्या मोठ्या वास्तूत गेले. सत्तेने दिलेला आधार हा सत्तेच्या मर्जीचा असतो, ही गोष्ट त्या वेळी कोणाच्या फारशी ध्यानी आली नसावी.

१९२५ मध्ये ग्रानोव्स्कीने मिखोएल्सला घेऊन ‘ज्यूचे नशीब’ हा मूकपट काढला. शोलेम अलेइखेमने निर्मिलेला मेनाखेम-मेंडल हा त्याचा नायक. रोज नवा धंदा काढावा, रोज त्यात बुडावे आणि पुन्हा तेवढ्याच उमेदीने उठावे, असे हे पात्र. आज विमा उतरविणारा एजंट, तर उद्या लग्ने जमविणारा मध्यस्थ. एका स्वप्नदृश्यात तो अमेरिकेतील वरांसाठी वधूंची जहाजभर निर्यात करतो! मूकपटावरील पाट्यांचा मजकूर इसाक बाबेल या थोर कथाकाराचा, आणि छायाचित्रण एदुआर्द तिस्सेचे. त्याच तिस्सेने त्याच वर्षी आयझेनस्टाइनचा ‘बॅटलशिप पोटेम्किन’ही चित्रित केला. मिखोएल्सच्या मेनाखेम-मेंडलकडे पाहून हसू येते; पण त्याची जीर्ण छत्री, आखूड कोट आणि लगबगीची चाल पाहता पाहता त्या हसण्याचा घास घशात अडकतो.

याच सुमारास त्याला जन्माचा सोबती भेटला होता. बेन्यामिन झुस्किन हा त्याचा सहनट त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान, लवचिक शरीराचा आणि गोड गळ्याचा. १९२७ मध्ये मेंडेले मोयखेर स्फोरिम याच्या कथेवरून रचलेल्या ‘तिसऱ्या बेंजामिनचा प्रवास’ या नाटकात दोघे एकत्र चमकले. पवित्र भूमीच्या शोधात निघालेले, आणि फिरून फिरून आपल्याच गावी परतलेले हे दोन भोळे फकीर. मिखोएल्स स्वप्ने पाही, आणि झुस्किन त्या स्वप्नांच्या मागून गाठोडे घेऊन चाले. १९२८ मध्ये या मंडळीने युरोपचा दौरा केला आणि तेथे वाहवा मिळविली. पण परतताना ग्रानोव्स्की मागेच राहिला. १९२९ पासून नाट्यगृहाची सर्व धुरा मिखोएल्सच्या खांद्यांवर आली.

मिखोएल्सच्या कीर्तीचा कळस म्हणजे १९३५ च्या फेब्रुवारीत रंगभूमीवर आलेला त्याचा ‘किंग लियर’. त्याआधीची वर्षे दुःखाची होती. १९३२ मध्ये पत्नी निवर्तली. पदरी दोन लहान मुली. रंगभूमीच सोडून द्यावी असे विचार त्याच्या मनात येत. मुलींचा बाप असलेल्या या विधुराने मुलींचा बाप असलेल्या त्या राजाकडे वळावे, यात दैवाची काही योजना असेल काय, न कळे. दिग्दर्शन सर्गेई राद्लोव याचे, नेपथ्य अलेक्सांद्र तिश्लर याचे, यिद्दिश भाषांतर श्मुएल हाल्किन या कवीचे. लियर मिखोएल्स आणि विदूषक झुस्किन.

लियर म्हटला की पांढरी शुभ्र दाढी, गडगडाटी आवाज आणि वादळाशी झुंजणारा वृद्ध असे चित्र डोळ्यांपुढे येते. मिखोएल्सने दाढीच काढून टाकली. त्याचा राजा गाजावाजा न करता, जवळजवळ चोरपावलांनी प्रवेश करी; सिंहासनावर बसलेल्या विदूषकास तेथून हुसकावी; बोटाने सभाजनांची मोजदाद करी, आणि एक बारीक, कोरडे हसू हसे. मुकुट देऊन टाकल्यावरही त्याचा हात नकळत डोक्याकडे जाई, आणि तेथे काही नाही हे उमगून खाली येई. एवढ्या एका हालचालीत सारे नाटक सामावलेले होते. मिखोएल्सचे म्हणणे असे, की लियर राज्य वाटून टाकतो तो म्हातारचळ लागला म्हणून नव्हे. आयुष्यभर लोकांनी शहाणा म्हटल्यामुळे, आपले शहाणपण हीच एकमेव खरी वस्तू आहे आणि राज्य, प्रेम, शब्द हे सारे तिच्यापुढे कस्पटासमान आहेत, असे तो मानू लागलेला असतो. त्या शहाणपणाचे दिवाळे वाजते, तेव्हा तो माणूस होतो. आरंभीचे ते कोरडे हसू शेवटी कॉर्डेलियाच्या मृत देहापाशी पुन्हा ऐकू येई, आणि त्या वेळी प्रेक्षागृहात कोणास हसू येत नसे.

‘नटसम्राट’ १९७० मध्ये रंगभूमीवर आल्यापासून लियरच्या या दुःखाशी मराठी प्रेक्षकाची सोयरीक जडलेली आहे. म्हणून येथे अधिक सांगत नाही. एवढेच नोंदवितो की इंग्रज रंगकर्मी गॉर्डन क्रेग हा शेक्सपिअरच्या प्रयोगांविषयी सहसा समाधान न पावणारा परीक्षक त्या वर्षी मॉस्कोत होता. यिद्दिशचा गंध नसताना तो हा लियर पाहण्यास पुन्हा पुन्हा गेला, आणि त्याने त्याची मुक्त कंठाने स्तुती केली. अल्पसंख्य भाषेतील नटाने बहुसंख्यांचे लक्ष वेधण्यासाठी आपली भाषा सोडण्याची गरज नसते. आपल्या भाषेत तो इतक्या खोल उतरला, की वर येताना इतरांच्याही ओंजळी भरल्या.

१९३८ मध्ये त्याने शोलेम अलेइखेमचा ‘तेव्ये गवळी’ रंगविला. पुन्हा एक मुलींचा बाप. १९३९ मध्ये ‘सोव्हिएट संघाचा लोककलावंत’ हा सर्वोच्च बहुमान आणि लेनिन पदक त्यास मिळाले. बाहेरून पाहता सारे आलबेल होते. पण आम्हा शिक्षकी पेशातील माणसांची नजर जरा निराळीकडे जाते. जनगणनेचे आकडे पाहा. १९२६ मध्ये सोव्हिएट संघातील ज्यूंपैकी सुमारे सत्तर टक्क्यांनी आपली मातृभाषा यिद्दिश असल्याचे नोंदविले होते. १९३९ मध्ये हे प्रमाण चाळीस टक्क्यांवर आले. तेरा वर्षांत एवढी घट! म्हणजे रंगमंचावर लियर गाजत होता त्याच वर्षांत प्रेक्षागृहातील आईबाप मुलांशी रशियन बोलू लागले होते. त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. महाविद्यालयांची, कचेऱ्यांची, कारखान्यांची भाषा रशियन होती. मुलाचे कल्याण व्हावे असे कोणत्या आईस वाटत नाही? शिवाय पुढे पुढे यिद्दिश शाळाच एकामागून एक बंद होत गेल्या. पण परिणाम व्हावयाचा तो झालाच. रंगमंच समृद्ध होत गेला आणि त्याच्या खालची जमीन सरकत गेली.

मग महायुद्ध आले. जून १९४१ मध्ये जर्मन फौजा रशियात घुसल्या. ऑगस्टमध्ये मिखोएल्सने मॉस्को नभोवाणीवरून जगभरच्या ज्यूंस साहाय्याचे आवाहन केले. नाट्यगृह ताश्कंदला हलले. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या ज्यू फॅसिस्टविरोधी समितीचे अध्यक्षपद त्याच्याकडे आले, आणि १९४३ मध्ये इत्सिक फेफर या कवीसह त्याला अमेरिका, कॅनडा, मेक्सिको व इंग्लंडच्या दौऱ्यावर पाठविण्यात आले. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर ८ जुलैला सुमारे पन्नास हजारांचा समुदाय त्याचे भाषण ऐकावयास जमला. या दौऱ्यात तो आइनस्टाइनला भेटला, आणि देशोधडीस लागून अमेरिकेत आश्रय घेतलेल्या शगाललाही. तो राजवटीचा प्रतिनिधी म्हणून गेला होता आणि तिचीच तरफदारी त्याने केली, हे सांगितले नाही तर चरित्र अपुरे राहील. तिच्या छत्राखालीच त्याची भाषा रंगभूमीवर जगली होती. आणि त्या घटकेस हिटलरशी लढणारी रशियाची फौजही तिचीच होती.

युद्ध संपले तेव्हा नाझींनी सुमारे साठ लाख ज्यू मारलेले होते. त्यांतील बहुसंख्य यिद्दिश बोलणारे. मिखोएल्सच्या जन्मगावची ज्यू वस्ती १९४१ मध्येच जवळजवळ नामशेष झाली होती. अशा वेळी, १९४५ च्या उन्हाळ्यात, त्याने कोणते नाटक बसवावे? त्याने लग्नाचे नाटक बसविले! नाव ‘फ्रेलेख्स’, म्हणजे आनंदनृत्य. प्रारंभी अंधारात दिवे तेवत असत आणि शोकाचे सूर ऐकू येत. मग झुस्किनचा बाद्खन पुढे येऊन ते शोकाचे दिवे विझवावयास लावी आणि लग्नाची धामधूम सुरू होई. हे नृत्य पाहताना लोक रडत. या प्रयोगासाठी १९४६ मध्ये मिखोएल्सला स्टालिन पारितोषिक देण्यात आले.

ज्या हाताने पारितोषिक दिले त्याच हाताने दोन वर्षांत त्याचा घात केला. परदेशांतील ज्यूंशी जोडलेले संबंध युद्धकाळी कामाचे होते. शांतताकाळी ते संशयास्पद ठरले. जानेवारी १९४८ मध्ये स्टालिन पारितोषिक समितीचा सभासद म्हणून त्याला काही नाटके पाहण्यासाठी मिन्स्क येथे पाठविण्यात आले. १२ जानेवारीच्या रात्री त्याला आणि बरोबरच्या एका नाट्यसमीक्षकाला बेलोरशियातील सुरक्षा खात्याचा प्रमुख लाव्रेन्ती त्सानावा याच्या गावाबाहेरील बंगल्यावर नेण्यात आले. तेथे दोघांस ठार करून, मालमोटारीखाली आल्याचा बनाव करून, देह बर्फाळ रस्त्यावर टाकून देण्यात आले. अपघाती मृत्यू म्हणून घोषणा झाली. त्यानंतर सरकारी इतमामाने अंत्ययात्रा! त्याच्याच नाट्यगृहाच्या रंगमंचावर देह ठेवण्यात आला. लोकांची रीघ लागली. त्या कडाक्याच्या थंडीत समोरच्या घराच्या छपरावर एक म्हातारा व्हायोलिन वाजवीत उभा होता, असे त्या दिवसाच्या आठवणींत सांगतात. मारेकऱ्यांस गुप्तपणे पदके मिळाली. ती कशासाठी, हे १९५३ मध्ये स्टालिनच्या मृत्यूनंतरच्या चौकशीत उघड झाले.

मिखोएल्सनंतर नाट्यगृहाची सूत्रे झुस्किनकडे आली. शेक्सपिअरच्या नाटकात विदूषक मध्येच नाहीसा होतो. येथे राजा आधी गेला आणि विदूषक मागे उरला, पण फार काळ नव्हे. १९४८ च्या डिसेंबरात झुस्किनला रुग्णालयातून पकडून नेण्यात आले. नाट्यगृहाचे अनुदान बंद झाले होते. लोक तेथे दिसण्यास भिऊ लागले. १९४९ च्या अखेरीस दारास कुलूप लागले. १२ ऑगस्ट १९५२ रोजी झुस्किन, फेफर आणि पेरेत्स मार्किश, दाविद बेर्गेल्सन यांच्यासारखे यिद्दिशचे अग्रगण्य साहित्यिक यांसह तेरा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. १३ जानेवारी १९५३ रोजी, म्हणजे मिखोएल्सच्या मृत्यूनंतर बरोबर पाच वर्षांनी, ज्यू डॉक्टरांवर कटाचा आरोप ठेवणारे सरकारी पत्रक निघाले. त्यात मृत मिखोएल्सला देशद्रोही ठरविण्यात आले. त्याचा चुलतभाऊ डॉक्टर मिरोन वोव्सी हा आरोपींपैकी एक होता. ५ मार्चला स्टालिन वारला. एप्रिलच्या आरंभी डॉक्टर सुटले, आणि ‘प्रावदा’ने मिखोएल्स हा प्रामाणिक कलावंत होता व त्याची बदनामी करण्यात आली होती, अशी कबुली छापली.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळतो. अंगाईच्या त्या कडव्याचे भय सत्तेस का वाटले? आम्हांस असे वाटते, की त्या कडव्यात एक दावा होता. या देशात जेवढ्या भाषांत मूल जोजविले जाते तेवढ्या सर्व भाषा या देशाच्याच आहेत, हा तो दावा. १९३६ मध्ये तो सत्तेस सोयीचा होता, म्हणून तिने तो पडद्यावर मिरविला. १९४८ मध्ये गैरसोयीचा झाला, म्हणून कापला. ज्या भाषेमागे राज्य नसते तिला राज्याच्या मर्जीवर विसंबता येत नाही.

आमचे बहुतेक वाचक महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी घरांतले आहेत. त्यांच्या आणि यिद्दिश समाजाच्या दैवात जमीनअस्मानाचे अंतर आहे. आपल्या भाषेस संविधानाचे संरक्षण आहे, तिच्या नावाचे एक मोठे राज्य आहे, आणि तसल्या क्रौर्याचा वाराही आपणांस लागलेला नाही. त्या हुतात्म्यांच्या पंक्तीस स्वतःला बसविणे हा त्यांचा अपमान होईल. पण त्या तेरा वर्षांच्या आकड्यांत आपणांस पाहण्यासारखे काही आहे. आमच्याकडे पालक येतात आणि तक्रारीच्या नव्हे, साध्या सुरात विचारतात : मराठी घेऊन मुलाने पुढे करावयाचे काय? गणेशोत्सवातील बालनाट्याचे संवाद हल्ली काही मुलांना रोमन लिपीत उतरवून द्यावे लागतात. मुले गुणी आहेत. काम चोख करतात. टाळ्याही पडतात. पण पाठ केलेली ओळ आणि घरात ऐकलेली ओळ यांतील फरक रंगमंचावर लपत नाही.

मिखोएल्सच्या नाट्यगृहाहून अधिक तेजस्वी नाट्यगृह कोणत्याही अल्पसंख्य भाषेस क्वचितच लाभले असेल. त्यालाही घराची जागा घेता आली नाही. नाट्यगृह ही भाषेची दिवाळी आहे. रोजची भाकरी घरीच भाजावी लागते. सरकारच्या कात्रीपुढे मिखोएल्स हतबल होता. आपल्या घरातील अंगाईस मात्र कोणाची कात्री लागलेली नाही. ती थांबली तर आपणच थांबविलेली असेल.

शगालची ती चित्रे अनेक वर्षे अडगळीत पडून होती. १९७३ मध्ये वृद्ध शगाल मॉस्कोस आला तेव्हा त्याने त्यांवर आपली सही केली. आज ती मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह चित्रसंग्रहात आहेत. ‘किंग लियर’च्या प्रयोगाचे काही तुकडे फिल्मवर उरले आहेत, त्यांत तो डोक्याकडे जाणारा हात दिसतो. आणि ‘सर्कस’मधील कापलेले कडवे पुढे चित्रपटात परत जोडण्यात आले. ठेंगणा, भव्य कपाळाचा तो गृहस्थ पुन्हा त्या बालकास छातीशी धरतो, यिद्दिशमध्ये आपले कडवे म्हणतो, आणि मूल शेजारच्याच्या हाती देतो.